परगांवचें पेव आणि घरचें बळद

आपल्या शाळेच्या संगणक-खोलींत बसणाऱ्या विद्यार्थ्यांस एक गोष्ट रोज दिसते. परंतु ती रोज दिसते म्हणूनच तिच्याविषयीं कोणी विचारीत नाहीं. संगणक सुरू केला म्हणजे पडद्यावर साठवणीच्या जागांची एक यादी येते. तींत ‘सी’ या अक्षराचा एक कप्पा असतो व बऱ्याच यंत्रांवर त्याच्याच खालीं ‘जी’ या अक्षराचा दुसरा एक कप्पा असतो. दोहोंचें चित्र सारखें, दोहोंवर टिचकी मारण्याची रीति सारखी, दोहोंत फाइली ठेवण्याची व काढण्याची कृति सारखी. त्यामुळें हे दोन्ही कप्पे टेबलाखालच्या त्या एकाच पेटींत, आपल्या पायाजवळ आहेत, असा समज होणें अगदीं स्वाभाविक आहे. वस्तुस्थिति मात्र निराळी आहे. पहिला कप्पा खरोखरच त्या पेटींत आहे. दुसरा बीड जिल्ह्यांत तर नाहींच; पण तो कोणत्या शहरांत आहे हेंहि आपणांस कोणी सांगितलेलें नाहीं. तो दूरच्या एका सर्व्हरच्या डिस्कवर, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या मोठ्या साठवण-यंत्रावर आहे, आणि तो आपल्या पायाजवळ असल्याचा देखावा एक लहानसा प्रोग्राम उभा करीत आहे.

हा देखावा वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तो फार उपयोगाचा आहे, व त्याच्या पाठीमागें चाळीस वर्षांहून अधिक काळाचे बुद्धिमान परिश्रम आहेत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जेथें वीज जाते, जेथें इंटरनेट कधीं आपोआप तर कधीं हुकुमानें बंद पडतें, आणि जेथील निम्मी घरें दिवाळीच्या सुमारास कुलूप लावून उसाच्या फडावर जातात, तेथील मुलांनीं व पालकांनीं आपल्या एकुलत्या एका प्रतीचें ठिकाण म्हणून त्या दूरच्या कप्प्यावर विसंबूं नये. दूरची प्रत ही दुसरी प्रत असावी. पहिली घरीं असावी.

आधीं हें यंत्र चालतें कसें तें पाहूं. आपण एखादी फाइल उघडतों तेव्हां संगणकाची मूळ कार्यप्रणाली डिस्ककडे मागणी करते कीं, अमुक नांवाच्या फाइलीचा अमुक भाग दे. डिस्क जवळची असेल तर ती तो भाग तत्काळ देते. ‘जी’ कप्प्याच्या बाबतींत ही मागणी डिस्ककडे जातच नाहीं. मध्यें बसलेला प्रोग्राम ती दुभाष्याप्रमाणें ऐकतो, तिचें भाषांतर करून इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे पाठवितो, तेथून आलेलें उत्तर परत कार्यप्रणालीच्या भाषेंत सांगतो. कार्यप्रणालीला वाटतें कीं आपण डिस्कशींच बोललों. यांत एक मर्म आहे, तें विद्यार्थ्यांनीं नीट लक्षांत घ्यावें. कप्पा उघडतांच जी यादी दिसते ती फक्त नांवांची, तारखांची व आकारांची असते. फाइलीचा मजकूर अजून तिकडेच असतो. आपण ती उघडूं तेव्हां तो येतो. आलेल्या मजकुराची एक तात्पुरती प्रत हा दुभाष्या जवळच्या डिस्कवर कांहीं काळ ठेवून घेतो, म्हणजे तीच फाइल पुन्हां मागितल्यास हेलपाटा वांचावा. इंटरनेट बंद असतांहि काल उघडलेला निबंध उघडतो आणि गेल्या वर्षींचा उघडत नाहीं, याचें कारण हेंच होय. मुलें म्हणतात, “सर, फाइल आहे पण उघडत नाहीं.” खरें पाहतां त्यांच्यापाशीं फाइल नसते, फाइलीचें नांव असतें.

बीडकरांस याला उपमा शोधण्यासाठीं दूर जावयास नको. शहराच्या दक्षिणेस, सोळाव्या शतकांत अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमलांत बांधलेली खजाना विहीर आहे. तींत जमिनीखालच्या बोगद्यांतून दुरून पाणी येतें व दुसऱ्या बोगद्यानें तें शहराकडच्या शेतांत जातें. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला पाट दिसतो, वाहतें पाणी दिसतें. बोगदा दिसत नाहीं. पाणी आपल्याच शेतांत उगम पावलें असें त्यानें समजलें तर पाणी पिण्यास कांहीं अडचण येत नाहीं. अडचण येते ती बोगद्यांत दगड पडल्यावर. कारण तो आपल्या शेतांत खणीत बसतो.

आतां या कल्पनेचा थोडा इतिहास, कारण तो उद्बोधक आहे. सन १९८४ मध्यें अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें एक पद्धति प्रसिद्ध केली. तिच्यायोगें एका संगणकाची डिस्क दुसऱ्या संगणकांस जणूं स्वतःचीच आहे अशी वापरतां येई. त्या काळीं डिस्क फार महाग असे. म्हणून एका खोलींत एक मोठी डिस्क ठेवावयाची व बाकीच्या यंत्रांस ती तारेनें वांटून द्यावयाची, अशी ती काटकसर होती. कित्येक यंत्रांत तर स्वतःची डिस्कच नसे. परंतु तें सर्व एका इमारतींतलें होतें. डिस्क बिघडली तर जिना चढून जाऊन ती पाहतां येत होती आणि ती सांभाळणारा माणूस नांवानें ठाऊक होता. पुढें अंतर वाढत गेलें, तसा हा परिचय नाहींसा होत गेला.

त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठांत असाच एक मोठा प्रयोग चालू होता व त्यांत मद्रासच्या आय.आय.टी.मध्यें शिकलेले महादेव सत्यनारायणन् यांचा मोठा वांटा होता. सर्व विद्यापीठाच्या फाइली एका ठिकाणीं आणि वापरणारे मात्र सर्वत्र, अशी ती व्यवस्था. ती चालूं लागल्यावर त्यांच्या मनांत जो प्रश्न आला तोच आमच्या लेखाचा विषय आहे: तार तुटली तर काय? १९८७ पासून त्यांनीं ‘कोडा’ नांवाची नवी पद्धति रचण्यास आरंभ केला. तींत संगणक तार जोडलेली असतांनाच, ज्या फाइली धन्याला लागतील त्या जवळ आणून ठेवतो. तार तुटली कीं त्या जवळच्या प्रतींवर काम चालू राहतें. तार पुन्हां जोडली कीं झालेले बदल दूरच्या सर्व्हरवर चढविले जातात. पहिल्या टप्प्यास त्यांनीं जो इंग्रजी शब्द योजला त्याचा अर्थ ‘साठेबाजी’ असा होतो. आमच्याकडे या सद्गुणास साठेबाजी कोणी म्हणणार नाहीं. आम्ही त्यास बेगमी म्हणूं. मृगाच्या आधीं गोवऱ्या, सरपण, डाळ, मीठ घरांत भरून ठेवणाऱ्या बाईला ही गोष्ट कोणत्याहि विद्यापीठानें शिकवावी लागली नाहीं. तथापि एवढ्या मोठ्या विद्वानांनीं दूरच्या साठवणीचा अभ्यास करतां करतां जवळच्या प्रतीची आवश्यकता मान्य केली, हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें.

यानंतरची हकीगत पालकांच्या आठवणींतली आहे. १ एप्रिल २००४ रोजीं गूगल कंपनीनें आपली टपालसेवा सुरू केली आणि प्रत्येकास १ जी.बी. जागा फुकट देऊं केली. तारखेमुळें कित्येकांस ती थट्टाच वाटली! परंतु त्याच वर्षीं रिचर्ड जोन्स नांवाच्या एका गृहस्थानें असा प्रोग्राम लिहिला कीं, त्यायोगें ती टपालपेटीच आपल्या संगणकावर एक डिस्क म्हणून दिसूं लागली. फाइल ठेवली कीं तिचें पत्र बनून पेटींत जाई; काढली कीं पत्र उलगडून फाइल होई. पत्रांच्या पेटाऱ्यांत जोंधळे भरण्याचाच हा प्रकार होय. कंपनीनें जागा पत्रांसाठीं दिली होती, डिस्क म्हणून नव्हे. म्हणून ही युक्ति त्यांच्या मर्जीवर चालली. पुढें २००८ पासून ड्रॉपबॉक्स व २०१२ पासून गूगल ड्राइव्ह अशा खास याच कामाच्या सेवा निघाल्या, आणि युक्तीची संस्था झाली. आतां मुंबई व नवी मुंबई येथें अशा साठवणीच्या प्रचंड इमारती उभ्या राहिल्या आहेत. देशांतील सर्वांत मोठें केंद्र तेंच समजलें जातें.

या सोयीचा आपल्या जिल्ह्याला कोणता लाभ आहे तें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्यें मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली व आपल्या जिल्ह्यांतील नदीकांठचीं कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. अशा वेळीं माणसें माळवदावर चढतात, जनावरें सोडून देतात. पण पत्र्याची ट्रंक मात्र पाण्यांत राहते, आणि त्या ट्रंकेंत घराचें सर्व कागदी आयुष्य असतें. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, रेशनकार्ड, शेताचा फेरफार, एखाद्या मृत आजोबांचें एकमेव छायाचित्र. हे कागद ओले झाले म्हणजे पुन्हां मिळवावयास तहसिलीच्या किती फेऱ्या होतात व किती मजुरी बुडते, हें ज्याचें त्यालाच ठाऊक. अशा घरानें त्या कागदांचीं छायाचित्रें काढून दूरच्या डिस्कवर ठेविलेलीं असतील तर पूर तेथें पोंचत नाहीं. उसतोडीच्या कुटुंबांचीहि हीच गोष्ट. सहा महिने पश्चिम महाराष्ट्रांत नाहीं तर कर्नाटकांत खोपींत काढावयाचे, तेथें कागद सांभाळणार कोठें? खोपीला आग लागते, पाऊस गळतो, उंदीर असतात. मोबाइलवरून आपला दाखला काढून दाखवितां येणें ही त्या माणसाला मिळालेली शक्ति आहे, आणि तिला नांवें ठेवणारा मनुष्य फडावर कधीं राहिलेला नसावा.

म्हणजे अंतर हेंच येथें संरक्षण आहे. पेवाचेंहि तसेंच असे. आपल्या जुन्या गांवांत धान्य जमिनींतल्या पेवांत भरून वर माती लोटीत; पेव घरापासून दूर गांवठाणांत असलें तर घराला आग लागूनहि धान्य वांचे. परंतु शहाणा कुणबी सर्वच्या सर्व दाणे पेवांत लोटीत नसे. खाण्यापुरतें भिंतींतल्या बळदांत ठेवी आणि पुढल्या पेरणीचें बियाणें राख व कडूलिंबाचा पाला घालून कणगींत, आपल्या नजरेसमोर ठेवी. पेव उघडण्यास चार माणसें, कोरडा दिवस व जागेचा माहितगार लागे. पाभर मात्र पाऊस पडला कीं त्याच दिवशीं जुंपावी लागे. आमचा सर्व आग्रह या बियाण्यापुरता आहे.

सन २०२३ च्या ऑक्टोबरअखेर आपल्या जिल्ह्यांत जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेटची सेवा बंद ठेवण्यांत आली. तो हुकूम योग्य कीं अयोग्य हा या पानांचा विषय नव्हे. विषय हा कीं, ज्यांचा अभ्यास, टिपणें, अर्ज, हिशेब ‘जी’ कप्प्यांत होते त्यांच्या पडद्यावर त्या दिवसांत नांवांची यादी होती आणि मजकूर नव्हता. डिस्क शाबूत होती, सर्व्हर चालू होता, कंपनीचा कांहीं दोष नव्हता. बोगदा तेवढा बंद होता. ज्या मुलानें ‘सी’ कप्प्यांत प्रत ठेविली होती त्यानें घरीं बसून अभ्यास केला. अशी बंदी पुन्हां येणार नाहीं असें कोण सांगूं शकेल? आणि बंदी नसली तरी वादळानें टॉवर पडतो, रस्ता रुंद करतांना केबल तुटते, मोबाइलचा रिचार्ज महिनाअखेर संपतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं हें शेवटचें कारण सर्वांत वारंवार घडतें, व तें कोणत्याहि वर्तमानपत्रांत येत नाहीं.

वेगाचाहि हिशेब करून पाहावा. गणिताच्या विद्यार्थ्यांस तो सोपा आहे. १ जी.बी. म्हणजे सुमारें ८००० मेगाबिट. दर सेकंदास १० मेगाबिटचें इंटरनेट असेल तर तेवढा मजकूर चढविण्यास ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. स्नेहसंमेलनाचें चित्रीकरण २० जी.बी. झालें तर सुमारें साडेचार तास. तेंच जवळच्या साध्या फिरत्या डिस्कवर, दर सेकंदास १०० एम.बी. या वेगानें, सवातीन-साडेतीन मिनिटांत उतरतें. दुसरा प्रकार याहून मौजेचा आहे. प्रकाश कांचेच्या तंतूंतून सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. मुंबईस जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचे कांहीं सहस्रांश पुरतात. परंतु मधल्या टॉवरांचे व यंत्रांचे थांबे धरून एका खेपेस, समजा, सेकंदाचा विसावा भाग लागला, आणि कप्प्यांत एक हजार लहान लहान फाइली आहेत, व दुभाष्या प्रत्येकीसाठीं स्वतंत्र खेप करतो. तर नुसत्या खेपांतच पन्नास सेकंद गेले. मग मुलें यंत्राला शिव्या देतात. यंत्र निर्दोष असतें; तें परगांवाहून एकेक जोंधळा आणीत असतें.

यापेक्षां गंभीर गोष्ट पुढें आहे. आमचे एक विद्वान सहकारी म्हणतात कीं, एवढ्या मोठ्या कंपन्या, एवढीं सरकारें, तेथें प्रत्येक फाइलीच्या तीन तीन प्रती निरनिराळ्या यंत्रांवर असतात. तुमच्या शाळेच्या कपाटांतल्या डिस्कला वाळवी लागेल, पण तिकडे कांहीं होणार नाहीं. हें म्हणणें बहुतांशीं खरें आहे. डिस्क बिघडण्याचें भय मोठ्या कंपनीकडे आपल्यापेक्षां पुष्कळच कमी. परंतु “बहुतांशीं” या शब्दांत दक्षिण कोरियाची हकीगत मावत नाहीं. त्या देशाच्या सरकारनें २०१८ सालीं आपल्या नोकरांसाठीं एक दूरस्थ कप्पा सुरू केला. त्याचें नांव जी-ड्राइव्ह; गूगलशीं त्याचा संबंध नव्हे, तें ‘गव्हर्न्मेंट’चें ‘जी’ होतें. प्रत्येक कर्मचाऱ्यास ३० जी.बी. जागा मिळे, आणि कामाचे कागद कचेरींतल्या संगणकावर न ठेवतां याच कप्प्यांत ठेवावे अशी सूचना होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं देजॉन शहरांतील सरकारी केंद्रांत बॅटऱ्यांना आग लागली. सरकारच्या ७०९ यंत्रणा बंद पडल्या, ९६ जळाल्या, आणि त्यांत हा कप्पाहि गेला: ८५८ टी.बी. मजकूर. एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर दुसरीकडे प्रतच ठेवण्यांत आलेली नव्हती. सुमारें सव्वा लाख कर्मचारी तो वापरीत होते, व ज्या खात्यानें सूचना तंतोतंत पाळून सर्व कांहीं तेथेंच ठेविलें होतें त्याची हानि सर्वांत अधिक झाली. मग शोधाशोध कशाची झाली? कोणाच्या संगणकांत चुकून राहिलेल्या फाइलींची, टपालानें कोणास पाठविलेल्या प्रतींची, कागदावर छापून घेतलेल्या पानांची. जगांतील अत्यंत पुढारलेल्या देशांपैकीं एकाला शेवटीं कागदाच्या गठ्ठ्यांकडे वळावें लागलें!

आगीहून सामान्य असा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे नियमांचा बदल. जागा दुसऱ्याची, तेव्हां नियमहि दुसऱ्याचे. गूगलनें छायाचित्रांसाठीं अमर्याद जागा देऊं केली होती. १ जून २०२१ पासून ती मर्यादित झाली. शाळा-महाविद्यालयांसहि अमर्याद जागा होती. २०२२ पासून संस्थेमागें एकत्रित १०० टी.बी. अशी मर्यादा आली. दोन वर्षें ज्या खासगी खात्यास कोणी हात लावला नाहीं तें पुसून टाकण्याचा नियम २०२३ मध्यें जाहीर झाला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून अंमलांत आला. यांत अन्याय आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. कोणीहि आपल्या वाड्यांत परक्याचें सामान जन्मभर फुकट ठेवूं देत नाहीं. परंतु आमची एखादी मुलगी आठवींत खातें काढते, तेथें आपल्या कविता व आईचीं छायाचित्रें ठेवते, मग तिची शाळा सुटते, मोबाइल भावाकडे जातो, आणि तीन वर्षांनीं ती परत येऊन दार ठोठावते, तेव्हां तेथें दारच नसतें. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें ती मुलगी नव्हती.

आणि दार असलें तरी किल्ली? या कप्प्याची किल्ली म्हणजे पासवर्ड, व त्यावर पुन्हां मोबाइलवर येणारा ओ.टी.पी. आमच्या गांवांत खातें मुलाचें, मोबाइल बापाचा व सिमकार्ड मुकादमानें घेऊन दिलेलें, अशी तऱ्हा असते. हंगाम संपला, रिचार्ज संपला, क्रमांक बंद पडला. बंद पडलेला क्रमांक निदान ९० दिवस दुसऱ्यास दिला जात नाहीं. पुढें तो कोणाच्याहि हातीं जाऊं शकतो. मग मुलाच्या दाखल्याची किल्ली एखाद्या अनोळखी माणसाच्या मोबाइलवर वाजत राहते. पासवर्ड आठवतो, सर्व्हर चालू आहे, इंटरनेट उत्तम आहे, फाइल जागच्या जागीं आहे. आणि तरीहि ती मिळत नाहीं. कोरियांतल्या आगीनें जें झालें तेंच येथें एका सिमकार्डानें झालें.

शाळेनें दिलेल्या खात्याविषयींहि पालकांस स्पष्ट सांगावेंसें वाटतें. तें खातें संस्थेचें असतें. विद्यार्थी शाळा सोडून गेला कीं तें केव्हां तरी बंद करावेंच लागतें, आणि त्यांतील प्रकल्प, चित्रें, भाषणें, सर्व त्याबरोबर जातें. दहावीचा निकाल घेऊन जाणाऱ्या मुलानें आपली वही जशी बाकावर सोडूं नये, तशीच ही वहीहि सोडूं नये.

“प्रत” या शब्दाचा अर्थ येथें पुष्कळांच्या मनांत गढूळ झालेला दिसतो. ‘जी’ कप्प्यांतील फाइल आपल्या संगणकावर दिसते आणि मोबाइलवरहि दिसते, म्हणून तिच्या दोन प्रती झाल्या असें नाहीं. वस्तु एकच, खिडक्या दोन. एका खिडकींतून ती पुसली कीं दुसरींतूनहि जाते. टाकाऊ पेटींत ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. धाकट्या भावानें खेळतां खेळतां पुसलेली फाइल महिन्यानंतर आठवली तर उपयोग नाहीं. खरी प्रत तीच कीं, एकीला कांहीं झालें तर दुसरीला त्याची गंधवार्ताहि नसावी. बीड येथील पाटांगणांत ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी इतिहासाचार्य राजवाडे यांना सांपडली व तिच्यावरून त्यांनीं १९०९ सालीं छापील ग्रंथ प्रसिद्ध केला, हें आपल्या जिल्ह्याला भूषणावह आहे. त्या पोथ्या टिकल्या त्या एका भक्कम कोठारामुळें नव्हेत. गांवोगांवीं, घरोघरीं, एकमेकांस न ओळखणाऱ्या माणसांनीं त्या उतरून घेतल्या होत्या. एक कोठार जळालें तर दुसऱ्याला धगहि लागत नव्हती.

डिजिलॉकर या सरकारी सोयीचा उल्लेख न केल्यास पालक विचारतील. ती २०१५ पासून आहे व उत्तम आहे. तिची घडण थोडी निराळी आहे: मंडळानें अथवा खात्यानें दिलेला दाखला तेथें साठविलेला नसून मूळ खात्याच्या दप्तरांतून मागविला जातो, आणि तो कायद्यानें मुळाबरोबरचा धरला जातो. म्हणून गुणपत्रिकेसाठीं ती अवश्य वापरावी. परंतु आजोबांचें छायाचित्र कोणत्याच खात्याच्या दप्तरांत नसतें, व मुलीच्या कविताहि नसतात. आणि किल्लीचा प्रश्न तेथेंहि मोबाइल क्रमांकाशींच येऊन थांबतो.

मग करावें काय? शाळेपुरतें आमचें मत असें कीं, हजेरी, निकाल, दाखल्यांची नोंदवही, हीं दूरच्या कप्प्यांत खुशाल ठेवावीं. पण दर शनिवारीं त्यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरून ती डिस्क संगणकापासून सोडवून मुख्याध्यापकांच्या कपाटांत जावी. जोडून ठेवलेली डिस्क ही प्रत नव्हे. विजेचा एक झटका दोघींना सारखाच बसतो. मधल्या प्रोग्रामांतहि असा एक पर्याय असतो कीं, मजकूर तिकडे ठेवून नुसती यादी न दाखवितां सर्व फाइली येथेंहि पूर्ण उतरवून ठेवाव्या. डिस्कवर जागा असेल तर तोच पर्याय निवडावा. मात्र तोहि दुसऱ्या प्रतीऐवजीं नव्हे, कारण त्यांत एकीकडे पुसलेलें दुसरीकडेहि पुसलें जातें. घरापुरतें बोलावयाचें तर कांहीं शें रुपयांचा एक पेन ड्राइव्ह पुरे. तोहि अमर नव्हे. वर्षांतून एकदां, समजा दिवाळीच्या झाडलोटींत, तो संगणकाला लावून पाहावा व मजकूर नव्यानें उतरवावा. आणि ज्या चारपांच कागदांवांचून मुलाचें पुढील शिक्षण अडेल ते छापून, प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून, ट्रंकेच्या तळाशीं नव्हे तर वरच्या फळीवर ठेवावे.

उसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांसाठीं एक सूचना वर्गशिक्षकांपुढें ठेवतों. जीं मुलें गांवींच हंगामी वसतिगृहांत राहतात त्यांचें एक बरें, शाळा जवळ असते. जीं फडावर जातात त्यांच्या हातीं निघण्याच्या आधल्या दिवशीं तीन वस्तू द्याव्या: त्यांच्या दाखल्यांचा पेन ड्राइव्ह, तेच दाखले छापलेली एक पिशवी, आणि एका चिठ्ठीवर खात्याचें नांव व त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक. पासवर्ड त्याच चिठ्ठीवर लिहूं नये. तो आईला तोंडपाठ करावयास सांगावा. आयांना ओव्या शेकड्यांनीं पाठ असतात, त्यांना आठ अक्षरें जड नाहींत. चिठ्ठीवरचा क्रमांक चैत्रांत कुटुंब परत आल्यावर चालू आहे कीं नाहीं हें वर्गशिक्षकानें स्वतः एकदां लावून पाहावें, आणि बंद असेल तर त्याच दिवशीं, खातें अजून उघडत आहे तोंच, नवा क्रमांक जोडून द्यावा.